रकान्याबाहेरची रात्र : गर्भारपण, घोरणे आणि झोपेतील श्वासरोधाचा इतिहास

एक ५१ वर्षांचा व्यावसायिक आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर पोकर खेळत असे. एका रात्री त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. असा हात खेळाडूच्या वाट्याला क्वचितच येतो. पण बोली लावायची वेळ आली, तेव्हा हा गृहस्थ पाने हातात धरून झोपी गेला होता. दिवसा डुलक्या येणे, थकवा, अंगावर चढणारी सूज हे सारे त्याने अंगवळणी पाडून घेतले होते. जिंकलेला डाव झोपेत हरल्यावर मात्र तो थोड्याच दिवसांत बॉस्टनच्या रुग्णालयात दाखल झाला. १९५६ मध्ये सी. सिडनी बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्या विकाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले.

हे नाव एका कादंबरीतून आले होते. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्याउभ्या झोपतो, दारावर थापा मारतामारताही झोपतो. वाचक त्याला हसले, आणि पुढे डॉक्टरांनाही तोच आठवला. वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या रोगाला नाव मिळते, तेव्हा त्याबरोबर त्याला एक चेहराही मिळतो. झोपेतील श्वासरोधाला मिळालेला चेहरा लठ्ठ, पेंगुळलेल्या पुरुषाचा होता. पुढची अनेक दशके तपासणीच्या खोलीत डॉक्टर तोच चेहरा शोधत राहिले. या लेखाचा विषय आहे त्या शोधात न दिसलेली एक व्यक्ती, म्हणजे रात्री घोरणारी गर्भवती स्त्री. तिच्या वाट्याला आलेला उशीर कसा घडला, तो कितपत भरून निघाला आणि भारतात आज आपण कुठे उभे आहोत, हे क्रमाने पाहू.

रात्री जागून पाहिले तेव्हा

बर्वेल यांचे निदान अर्धेच बरोबर होते. अतिलठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याची गुंगी रुग्णाला येते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. रुग्ण दिवसा का झोपतो हा प्रश्न त्यांनी विचारला होता. तो रात्री कसा झोपतो, हे मात्र कोणी जागून पाहिले नव्हते.

ते पाहण्याची साधने याच सुमारास तयार होत होती. १९५३ मध्ये शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होणारा एक स्वतंत्र टप्पा असतो हे दाखवून दिले होते. झोप ही एकसंध बधिरता नसून तिच्यात टप्पे असतात, हे एकदा कळल्यावर मेंदूच्या लहरी रात्रभर कागदावर उतरवण्याची रीत पडली. १९६५ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे हेन्री गॅस्तो आणि सहकाऱ्यांनी, तसेच जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग आणि कुहलो यांनी ‘पिकविकियन’ रुग्णांच्या रात्रीच्या नोंदी घेतल्या. त्यांत श्वास उथळ झालेला तर दिसलाच. पण तो पुन्हापुन्हा पूर्ण थांबत असल्याचेही दिसले. छाती आणि पोट हवा ओढण्यासाठी धडपडत होते, पण घशातील मार्ग मिटल्यामुळे हवा आत जात नव्हती. काही सेकंदांनी मेंदू क्षणभर जागा होई, घसा उघडे, मोठ्या घोरण्याबरोबर हवा आत शिरे, आणि पुन्हा डोळा लागताच तेच चक्र सुरू होई. रुग्णाला सकाळी यातले काहीही आठवत नसे.

म्हणजे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, हा जगभरचा समज इथे कोसळला. आपल्याकडेही घोरणाऱ्याला कुंभकर्णाची उपमा देऊन मोकळे होण्याची पद्धत आहे. वास्तवात असा माणूस रात्रभर अनेकदा जागा होत असतो; केवळ त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

पुढे इटलीतील बोलोन्या येथे एलिओ लुगारेसी यांनी हा अभ्यास वाढवला. १९७२ मध्ये फ्रान्सहून स्टॅनफर्डला गेलेल्या क्रिस्तियाँ गियेमिनो यांनी तेथील हृदयरोगतज्ज्ञांबरोबर काम करताना आणखी एक गोष्ट नोंदवली. श्वास थांबला की रक्तदाब चढतो, आणि रात्रभर असे चढउतार होत राहतात. १९७६ मध्ये गियेमिनो, टिल्कियन आणि डिमेंट यांनी ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम्स’ या शीर्षकाखाली हे ज्ञान एकत्र मांडले. किमान १० सेकंदांचा श्वासरोध, आणि सात तासांच्या झोपेत असे किमान ३० प्रसंग, अशी त्यांची मोजपट्टी होती. आता रोगाला पिकविकच्या कादंबरीची गरज उरली नव्हती. सडपातळ माणसालाही तो होतो, हेही त्यांनीच सांगितले. पण लोकांच्या मनातला चेहरा शोधनिबंधांच्या वेगाने बदलत नाही.

सिडनीतील एक रात्र

त्या काळी खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवण्याचा. घशातील अडथळा टाळून हवा थेट खाली जाई आणि रुग्ण खरोखर बरा होई. पण आयुष्यभर गळ्याला छिद्र घेऊन जगण्यास कोण सहज राजी होणार? जून १९८० मध्ये सिडनीत एका बांधकाम कामगाराने ही शस्त्रक्रिया नाकारली. त्याचा विकार अतिशय तीव्र होता. कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी त्याला दुसरा मार्ग सुचवला. टोरांटो येथे कुत्र्यांच्या झोपेतील श्वसनावर काम करताना सलिव्हन यांनी त्यांच्या नाकावर बसणारे मुखवटे हाताळले होते. तसाच मुखवटा माणसाच्या नाकावर बसवून व्हॅक्यूम क्लीनरच्या उलट्या फिरवलेल्या मोटारीने मंद दाबाची हवा आत सोडायची, म्हणजे हवेच्या त्या दाबाने घसा आतून तोलून धरला जाईल, अशी ती कल्पना होती.

दाब वाढवला की श्वास सुरळीत, कमी केला की पुन्हा अडथळा, असे सलिव्हन त्या रात्री पुन्हापुन्हा पाहत राहिले. सकाळी तो कामगार कित्येक वर्षांत प्रथमच ताजातवाना उठला. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ने पाच रुग्णांवरील हा प्रयोग प्रसिद्ध केला. आज ‘सीपॅप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, घशात सतत हवेचा दाब राखणाऱ्या यंत्राचा जन्म असा झाला. सलिव्हन यांचे नाव लक्षात ठेवावे. जवळजवळ वीस वर्षांनी ते या कथेत पुन्हा येणार आहेत, आणि त्या वेळी रुग्णशय्येवर गर्भवती स्त्रिया असतील.

दोन जिवांचा एक श्वास

गर्भवतीच्या झोपेकडे वैद्यकाचे लक्ष सीपॅपच्याही आधी गेले होते. १९७८ मध्ये जोएल-कोहेन आणि शोनफेल्ड या दोन डॉक्टरांनी युरोपातील एका प्रसूतिशास्त्रविषयक नियतकालिकात टिपण लिहिले. गर्भवतीचा श्वास झोपेत थांबला की गर्भाच्या हृदयाच्या ठोक्यांत बदल होतो, असे त्यांना आढळले होते. प्रसूतिशास्त्रातील हा एक नवा विकार आहे, असे त्यांनी शीर्षकातच म्हटले होते. त्या शीर्षकाने दार किलकिले झाले, पण पुढची दहा वर्षे त्यातून फारसे कोणी आत आले नाही. १९८९ मध्ये गर्भारपणामुळे श्वासरोध उफाळून आल्याची, तर १९९१ मध्ये तीव्र श्वासरोध आणि गर्भाची खुंटलेली वाढ एकत्र दिसल्याची नोंद झाली. मात्र या साऱ्या सुट्या रुग्णांच्या कहाण्या होत्या.

गर्भारपणात घसा का मिटावा, याची कारणे शरीराच्या रचनेतच आहेत. या काळात रक्तवाढीमुळे आणि संप्रेरकांमुळे नाकाचे अस्तर सुजते. सर्दी नसतानाही नाक चोंदलेले राहते. घशातील ऊती पाणी धरतात आणि मार्ग अरुंद होतो. वाढलेले गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलते, त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते. दुसरीकडे शरीराची ऑक्सिजनची गरज जवळपास तेवढीच वाढलेली असते. शिल्लक कमी आणि खर्च जास्त अशा स्थितीत श्वास थोडा वेळ जरी थांबला, तरी रक्तातील ऑक्सिजन लवकर घसरतो.

निसर्गाने काही संरक्षणही दिले आहे. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वसनाला सतत चेतवत असते. गर्भाचे हिमोग्लोबिन प्रौढांच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन अधिक घट्ट पकडते, त्यामुळे विरळ पुरवठ्यातही ते भागवून घेते. पोट वाढल्यावर बहुतेक स्त्रिया आपोआप कुशीवर झोपू लागतात, आणि कुशीवर घसा कमी मिटतो. म्हणूनच प्रत्येक घोरणाऱ्या गर्भवतीला आजार असतोच असे नाही. जिचा घसा आधीच अरुंद आहे, वजन जास्त आहे किंवा रक्तदाब चढता आहे, तिच्या बाबतीत मात्र हे संरक्षण अपुरे पडू शकते. वारंवार घसरणाऱ्या आणि सावरणाऱ्या ऑक्सिजनमुळे रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराला इजा होते, मज्जासंस्था सतत ताणलेली राहते आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. गर्भारपणातील उच्च रक्तदाब, प्रीएक्लॅम्प्शिया आणि मधुमेह यांच्या मुळाशीही असेच बदल आहेत. त्यामुळे या दोन वाटा एकमेकींना मिळत असाव्यात, ही शंका शास्त्रीय दृष्ट्या रास्त होती.

कोणाला विचारले, कोणाला नाही

शंका रास्त असूनही तपास का रेंगाळला, याचे उत्तर रोगाच्या त्या जुन्या चेहऱ्यात सापडते. निद्राचिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांत पुरुषांची संख्या इतकी मोठी असे की हा पुरुषांचाच रोग मानला जाई. १९९३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे टेरी यंग आणि सहकाऱ्यांनी चिकित्सालयाबाहेर, सर्वसामान्य नोकरदारांत पाहणी केली. ३० ते ६० वयोगटातील ६०२ जणांची झोप रात्रभर तपासली, तेव्हा पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत ९ टक्के जणांना झोपेत श्वसनाचा अडथळा आढळला. स्त्रियांचे प्रमाण कमी होते, पण चिकित्सालयांतील रांगा दाखवत होत्या तितके ते नगण्य नव्हते. स्त्रिया येत नव्हत्या, किंवा आल्या तरी त्यांना ‘थकवा’, ‘चिंता’, ‘डोकेदुखी’ अशी उत्तरे मिळत होती.

भारतातील पहिल्या मोठ्या पाहण्यांपैकी एक मुंबईत झाली. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या ६५८ शहरी पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनाचा अडथळा, तर ७.५ टक्क्यांत दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार असल्याचा अंदाज निघाला. हा रोग पाश्चात्त्यांच्या लठ्ठपणापुरता मर्यादित नाही, हे भारतीय वैद्यकाला त्यातून कळले आणि ते फार मोलाचे होते. पण ती पाहणी पुरुषांची होती. तेव्हाच्या जागतिक रीतीला धरूनच ती आखलेली होती, आणि त्या रीतीत स्त्रीची रात्र कायम नंतरच्या पानावर ढकलली जाई.

गर्भवतीच्या बाबतीत याहूनही चिवट अडचण होती. थकवा, दिवसा येणारी झोप, रात्रीची मोडलेली झोप, डोकेदुखी ही श्वासरोधाची लक्षणे, आणि गर्भारपणाची म्हणून घरोघरी सांगितली जाणारी लक्षणेही हीच. ‘दोन जिवांची आहे, थकणारच’ हे वाक्य मायेचे आहे. पण त्याच मायेखाली एखादा उपचारयोग्य विकार वर्षानुवर्षे झाकला जाऊ शकतो.

बाळंतिणींना विचारलेला प्रश्न

१९९६ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात ३५० गर्भवती आणि ११० अन्य स्त्रियांना घोरण्याविषयी विचारले गेले. गर्भवतींत १४ टक्के, इतरांत ४ टक्के स्त्रिया वारंवार घोरत होत्या. बाळावर मात्र वाईट परिणाम दिसला नाही, आणि विषय पुन्हा मागे पडण्याची चिन्हे होती.

२००० मध्ये स्वीडनमधील कार्ल फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी वेगळे चित्र मांडले. त्यांनी प्रसूतीच्या दिवशी ५०२ स्त्रियांना प्रश्नावली दिली. गर्भारपणापूर्वी दररोज घोरणाऱ्या ४ टक्के होत्या. शेवटच्या आठवड्यात हे प्रमाण २३ टक्क्यांवर गेले होते. घोरणाऱ्यांपैकी १४ टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब झाला, न घोरणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना. प्रीएक्लॅम्प्शियाचे प्रमाण अनुक्रमे १० आणि ४ टक्के, तर वाढ खुंटलेल्या बाळांचे ७.१ आणि २.६ टक्के होते. प्रश्नावलीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. वजन, सूज असे अनेक घटक दोन्ही गोष्टींना एकत्र जन्म देऊ शकतात. पण एक साधा प्रश्न विचारल्यावर एवढी तफावत दिसते, हे नजरेआड करणे आता शक्य नव्हते.

त्याच वर्षी सिडनीहून दुसरा निबंध आला. नताली एडवर्ड्स यांच्या या निबंधाच्या लेखकांत शेवटचे नाव कॉलिन सलिव्हन यांचे होते. तीव्र प्रीएक्लॅम्प्शिया असलेल्या ११ स्त्रियांचा रक्तदाब त्यांनी झोपेत प्रत्येक ठोक्यागणिक मोजला. या स्त्रियांचा श्वास पूर्ण थांबत नव्हता, पण हवेचा प्रवाह अरुंद घशातून कसाबसा चालला होता आणि रक्तदाब रात्रभर चढता राहत होता. दुसऱ्या रात्री त्यांना सीपॅप लावले. पहिल्या रात्रीचा सरासरी १४६/९२ हा रक्तदाब दुसऱ्या रात्री १२८/७३ वर आला. रुग्ण थोडे आणि रात्री दोनच, तेव्हा यावरून प्रीएक्लॅम्प्शिया बरा होतो असे म्हणता येत नाही. पण बांधकाम कामगारासाठी जुळवलेल्या यंत्राने प्रसूतिकक्षातही काही सांगण्यासारखे केले होते. २०१३ मध्ये याच गटाने आणखी एक निरीक्षण नोंदवले. प्रीएक्लॅम्प्शिया असलेल्या मातांत रात्री गर्भाची हालचाल मंदावलेली असते, आणि सीपॅप दिल्यावर ती सुधारते.

नंतरचा मोठा टप्पा २०१७ चा. अमेरिकेत पहिलटकरणींचा एक व्यापक अभ्यास चालू होता. त्यात फ्रान्सेस्का फाको आणि सहकाऱ्यांनी तीन हजारांहून अधिक स्त्रियांना घरी वापरण्याचे तपासणी-उपकरण दिले आणि गर्भारपणात दोनदा झोप मोजली. सुरुवातीच्या महिन्यांत ३.६ टक्के, तर मधल्या काळात ८.३ टक्के स्त्रियांत श्वसनाचा अडथळा सापडला. वय आणि वजन यांचा हिशेब वजा केल्यावरही अशा स्त्रियांत प्रीएक्लॅम्प्शियाची शक्यता जवळपास दुप्पट, तर मधुमेहाची सुमारे तिप्पट होती. यातील बहुतेकींचा विकार सौम्य होता, आणि तपासणीपूर्वी त्यांना त्याची कल्पना नव्हती.

उपचाराचा प्रश्न याहून अवघड आहे. संबंध असणे आणि उपचाराने निकाल बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थायलंडमधील एका यादृच्छिक चाचणीत जोखमीच्या गर्भवतींना सीपॅप दिल्यावर खालचा रक्तदाब थोडा उतरला आणि प्रीएक्लॅम्प्शियाचे प्रमाणही कमी दिसले. हा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आशादायक आहे, पण अंतिम निवाडा देण्यासाठी अशा आणखी चाचण्या हव्यात. त्याच वर्षी अमेरिकेतील निद्राविषयक आणि प्रसूतीविषयक भूलतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी गर्भारपणातील श्वासरोधाबाबत संयुक्त मार्गदर्शिका काढली. ज्यांचा बॉडी मास इंडेक्स ३० किंवा अधिक आहे, ज्यांना रक्तदाब वा मधुमेह आहे, अशांची चौकशी गर्भारपणाच्या पहिल्या सहा महिन्यांतच व्हावी, असे तिच्यात म्हटले आहे. पुरुषांवर बेतलेल्या नेहमीच्या प्रश्नावल्या गर्भवतींत भरवशाच्या नाहीत, हेही तिने नमूद केले. १९७८ च्या त्या टिपणापासून इथवर यायला ४५ वर्षे लागली.

भारतातील चित्र

भारताने या विकाराची दखल घेतली नाही असे नाही. दिल्लीच्या एम्समधील डॉ. सुरेंद्र शर्मा यांच्या पुढाकाराने, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या साथीने, २०१४ मध्ये श्वासरोधाविषयीची पहिली भारतीय मार्गदर्शिका तयार झाली. शर्मा यांच्याच गटाने गर्भवतींना तिन्ही तिमाहींत गाठून त्यांच्या झोपेच्या विकारांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातील पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा, की भारतीय प्रौढांत ११ टक्के जणांना हा विकार आहे. पुरुषांत हे प्रमाण १३, स्त्रियांत ५ टक्के येते, आणि देशातील बाधितांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख भरते. स्त्रियांतील ५ टक्क्यांत न विचारलेल्या किती जणी सुटल्या असतील, हा प्रश्न उरतोच.

पाश्चात्त्य मार्गदर्शिका आपल्याकडे जशीच्या तशी लावताना एक सावधगिरी हवी. भारतीय शरीरात तुलनेने कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरावा, असे सुचवले होते. ३० ची चाळणी लावली, तर जोखमीतील कित्येक भारतीय स्त्रिया तिच्यातून निसटतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचा बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याहून अधिक होता. याच देशात २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत होता, आणि गर्भारपणातील उच्च रक्तदाब हे त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. रक्तदाब वाढवणारा एखादा घटक ओळखण्यासारखा आणि आवरण्यासारखा असेल, तर त्याची चौकशी करणे ही चैन ठरत नाही.

आज काय करता येते

पहिले पाऊल विचारण्याचे. घोरणे नव्याने सुरू झाले का, आठवड्यातून किती रात्री, श्वास थांबल्यासारखा किंवा गुदमरल्यासारखा वाटतो का, सकाळी डोके दुखते का. यांतील काही उत्तरे स्त्रीपेक्षा शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याला, सासूला किंवा आईला अधिक ठाऊक असतात, म्हणून त्यांनाही विचारावे. रक्तदाब, मधुमेह किंवा जादा वजन यांची जोड असेल, तर झोपेची तपासणी करावी. ती अनेकदा घरी, बोटाला आणि नाकाला लावायच्या छोट्या उपकरणानेही होते. तासाला पाच किंवा अधिक अडथळे असतील तर विकार आहे असे मानतात, १५ पासून मध्यम आणि ३० पासून तीव्र.

सौम्य विकारात कुशीवर झोपणे, उशाकडची बाजू थोडी उंच करणे आणि चोंदलेले नाक मिठाच्या पाण्याने मोकळे ठेवणे याने फरक पडतो. कुशीवर झोपण्याला आणखी एक आधार आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे २०११ मध्ये आणि नंतर इतरत्र झालेल्या अभ्यासांत, शेवटच्या तीन महिन्यांत उताणे झोपण्याचा संबंध मृतजन्माच्या वाढलेल्या जोखमीशी दिसला आहे. रात्री जाग आल्यावर आपण उताणे असल्याचे लक्षात आले, तर घाबरू नये. कूस बदलून पुन्हा झोपावे. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्या घसा आणखी सैल करतात.

मध्यम आणि तीव्र विकारात सीपॅप हा मुख्य उपाय आहे. त्यात औषध नसते, केवळ खोलीतील हवा असते. गर्भ वाढतो तशी दाबाची गरजही बदलते, म्हणून दाब आपोआप जुळवून घेणारे यंत्र या काळात सोयीचे ठरते. वजन उतरवण्याचे प्रयोग गर्भारपणात करायचे नसतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ प्रौढांतील श्वासरोधासाठी टिर्झेपटाइड या औषधाला मान्यता दिली, आणि पुढच्याच वर्षी ते औषध मधुमेह व वजनासाठी भारतातही आले. त्याची बरीच चर्चा झाली, पण ते गर्भवतींसाठी नाही. प्रसूतीसाठी जाताना यंत्र बरोबर न्यावे आणि भूलतज्ज्ञाला आधीच सांगावे. अशा स्त्रीत शक्य असेल तर कण्यातून दिलेली भूल पसंत करतात आणि अफूवर्गीय वेदनाशामके जपून वापरतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. काहींचा विकार ओसरतो, काहींचा टिकतो.

हे सारे तालुक्याच्या ठिकाणी कसे व्हावे, ही अडचण खरी आहे. यंत्र महाग आहे, वीज जाते, निद्राप्रयोगशाळा मोठ्या शहरांत एकवटल्या आहेत. पण विचारायला वीज लागत नाही.

रकान्यांचा इतिहास

प्रसूतिशास्त्राचा इतिहास एका अर्थी रकान्यांचा इतिहास आहे. १८४३ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील जॉन लिव्हर यांनी आकडी येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत अल्ब्युमिन असते हे दाखवले, आणि लघवी तपासण्याला कारण मिळाले. १८९६ मध्ये इटलीतील शिपियोने रिवा-रोची यांनी दंडाला बांधायच्या पट्ट्याने रक्तदाब मोजला. प्रत्येक गर्भवतीचा रक्तदाब मोजायचा ही रीत रुजायला त्यानंतरही काही दशके जावी लागली. १९६४ मध्ये बॉस्टनच्या जॉन ओसलिव्हन यांनी गर्भारपणातील मधुमेहाचे निकष मांडले. भारतात प्रत्येक गर्भवतीची साखर तपासावी, असे सरकारी मार्गदर्शन त्यानंतर पन्नास वर्षांनी, २०१४ मध्ये आले, आणि त्यामागे चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचा दीर्घ आग्रह होता. या प्रत्येक मोजमापाला कधीकाळी अनावश्यक म्हटले गेले असेल. आज ती नसलेला तपासणीचा कागद आपल्याला अपुरा वाटतो.

२०१६ पासून देशभर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची तपासणी होते. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावतात. माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाचा रकाना आहे, रक्तदाबाचा आहे, हिमोग्लोबिनचा आहे, लघवीचा आहे. ती सारी मोजमापे दिवसा, ती स्त्री जागी असताना घेतलेली असतात. तिच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा ज्या अंधारात जातो, त्याविषयी कार्ड काही विचारत नाही.

सीपॅप प्रीएक्लॅम्प्शिया टाळतो की नाही, हे पुढच्या चाचण्या ठरवतील. त्यांचा निकाल काहीही लागो, घोरण्याची चौकशी केल्याने कोणाचे नुकसान होणार नाही. डाव हरला म्हणून तो पोकर खेळणारा गृहस्थ रुग्णालयात गेला, आणि रोगाला नाव मिळाले. घरातल्या गर्भवतीने मात्र डाव हरण्याची वाट पाहू नये. ती घोरत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या तपासणीला जाताना तेवढे एक वाक्य डॉक्टरांना सांगा.